‘फिजिकल डॅमेज’ म्हणताय ना, मग लिहून द्या

दुकानदार काउंटरमागून "मॅडम, ये वॉरंटी में नहीं आएगा" म्हणाला की इंदूरमध्ये माझ्या ओळखीतले बरेच लोक तसेच घरी परत येतात आणि पदरचे पैसे घालून लॅपटॉप दुरुस्त करून घेतात, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. अहो, तो त्याचं म्हणणं सांगतोय, निकाल नाही देत. तुम्ही पैसे मोजलेत, बिल तुमच्याकडे आहे, वॉरंटी कार्ड तुमच्याकडे आहे, मग तो नाही म्हणतोय ते कशावरून म्हणतोय हे त्याने दाखवायला नको का?

झालं असं की माझ्या भाचीचा लॅपटॉप, बीकॉमला आहे ती, एका मोठ्या शोरूममधून घेतलेला, वर्षसुद्धा झालं नव्हतं आणि उजव्या बाजूचा हिंज गेला. ज्यांच्या बाबतीत हे झालंय त्यांना कळेल. स्क्रीन ज्या हिंजवर उघडझाप होते तो आत प्लास्टिकमध्ये बसवलेल्या छोट्या छोट्या पितळी नटांवर स्क्रूने कसलेला असतो. हिंज जर गरजेपेक्षा कडक असला तर झाकण उघडताना दर वेळी सगळा ताण त्या नटांवर येतो आणि मग काही महिन्यांनी नट प्लास्टिकसकट उपटून येतात, कोपरा फुगतो, झाकण उचललं की कीबोर्डची बाजू पण वर यायला लागते. यात वापरणाऱ्याने काय केलं? झाकण उघडलं, बस. त्यासाठीच तर आहे ते.

शोरूमवाल्याने लॅपटॉप हातात घेतला, कोपऱ्याकडे एकदा बघितलं आणि लगेच म्हणाला, "गिराया होगा, फिजिकल डॅमेज है." भाची रडायच्या बेतात. म्हणाली, मावशी खरंच नाही पडला गं. मला तिच्यावर विश्वास होताच पण मी मोबाइलचा टॉर्च लावून चारही कोपरे बघितले, बाहेरून एक ओरखडा नाही, एक पोचा नाही. पडलेल्या लॅपटॉपला बाहेरून मार लागतो ना, इथे सगळी मोडतोड आतून बाहेर आलेली. तिथेच बिल शेजारी ठेवून फोटो काढले, सिरीयल नंबर दिसेल असे. नंतर सिल्व्हर मॉलमधल्या एका ओळखीच्या रिपेअरवाल्याला नुसतं बाहेरून दाखवलं, उघडू दिलं नाही (बाहेर कोणाकडून उघडून घेऊ नका, तेच कारण पुढे करून वॉरंटी नाकारतात), तर तो झाकण एकदा उघडून मिटूनच म्हणाला, "हिंज जाम है दीदी, ये तो टूटना ही था."

मग शोरूमवाल्याने दुसरं सुरू केलं, की आम्ही फक्त विकतो, तुम्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. सर्व्हिस सेंटरला गेलो तर तिथला मुलगा जॉबशीटवर (लॅपटॉप जमा करून घेताना भरतात तो कागद) "सीआयडी" लिहायला लागला, म्हणजे कस्टमरने केलेलं डॅमेज, आणि म्हणाला इथे सही करा. हीच ती जागा आहे जिथे लोक फसतात. त्या शीटवर तुम्ही सही केली म्हणजे चूक तुमची असं तुम्हीच लिहून दिल्यासारखं होतं. मी म्हणलं, सही करते पण आधी त्याखाली लिहा की ग्राहकाच्या म्हणण्याप्रमाणे लॅपटॉप पडलेला नाही आणि बाहेरून आघाताची खूण नाही, आणि वॉरंटी नाकारायची असेल तर कोणत्या अटीखाली ते पण लिहा. तो मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर अर्धा तास बोलला पण लिहायला काही तयार होईना. तेव्हाच मला कळलं की यांच्याकडे दाखवायला काहीच नाहीये.

आता कायद्याचं. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू आहे. वस्तूत दोष निघाला तर जिल्हा आयोग, म्हणजे जिल्ह्याचं ग्राहक कोर्ट, दुरुस्ती, बदली किंवा व्याजासकट पैसे परत असा कुठलाही आदेश देऊ शकतो, आणि दोष आहे की नाही यावरच वाद असेल तर वस्तू लॅबमध्ये तपासायला पाठवू शकतो. म्हणजे कोपऱ्याकडे एक नजर टाकून "गिराया होगा" हे तिथे चालत नाही. 50 लाखांपर्यंत पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची तक्रार जिल्ह्यातच होते, 5 लाखांपर्यंत फी शून्य आहे, वकील लागत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून 2 वर्षांत करायची. आणि जुन्या कायद्यात नव्हतं ते एक फार चांगलं आहे, तुम्ही जिथे राहता तिथेच तक्रार करता येते, भले कंपनीचं ऑफिस बेंगळुरूला असो. तक्रार दुकान आणि कंपनी दोघांच्याही विरुद्ध करा, नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवत बसतात.

आम्ही आधी 1915 ला फोन केला, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, हिंदीत मस्त बोलतात, डॉकेट नंबर म्हणजे तक्रारीचा नंबर देतात. हेल्पलाइन आदेश नाही देत, पण तक्रार कंपनीच्या वरच्या लोकांपर्यंत जाते आणि तिथे काउंटरवाल्या मुलाची मर्जी चालत नाही. त्यासोबत मी साध्या हिंदीत एक पानी नोटीस लिहिली, खरेदीची तारीख, बिल नंबर, दोष काय, कोण काय बोललं, आणि 15 दिवसांत वॉरंटीत दुरुस्त करा नाहीतर जिल्हा आयोगात येते. फोटो जोडले, जीपीओतून दोघांना स्पीड पोस्ट केली, पावत्या फाइलला लावल्या. आमच्या शेजारचे काका बँकेतून रिटायर झालेत, त्यांनी वाचून दोनच वाक्यं काढायला लावली, जिथे मी रागाने लिहिलं होतं. बरोबर होतं त्यांचं.

आणखी एक, कंपनीच्या साइटवर सिरीयल नंबर टाकून वॉरंटीची तारीख बघून घ्या. कधी कधी दुकानात माल आला त्या तारखेपासून मोजलेली असते, बिल पाठवलं की दुरुस्त करून देतात. आमची तीन आठवड्यांनी कमी दाखवत होती.

मुदत संपायच्या आत कंपनीतून फोन आला. लॅपटॉप परत जमा केला, त्याआधी भाचीचा सगळा डेटा काढून घेतला, आणि दोन्ही हिंज, खालचं कव्हर, कीबोर्डचा वरचा भाग सगळं बदलून मिळालं. नवीन जॉबशीटवर "इन वॉरंटी" लिहिलंय, रक्कम शून्य.

शोरूमचा विषय मात्र माझ्यासाठी संपलेला नाही. घेताना त्यांनी भाचीला वेगळे पैसे घेऊन एक्स्टेंडेड वॉरंटी विकली होती, "सब कवर है" म्हणून, आणि आता कागद वाचला तर ती कंपनीची नाहीच, दुसऱ्याच कुठल्या तरी एजन्सीची आहे आणि हिंज, बॉडी सगळं त्यातून वगळलेलं. विकताना जे सांगितलं आणि कागदावर जे आहे त्यात इतका फरक असेल तर ती अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि तेवढ्यासाठी आयोगात जायची माझी पूर्ण तयारी आहे. ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या सरकारी पोर्टलवर अकाउंट उघडलंय, घरबसल्या तक्रार टाकता येते. शोरूमला पैसे परत मागायची वेगळी नोटीस काल गेली.