वाळवीची आवडनिवड

वाळवी दिसेल ते खाते, हा तिच्यावरचा निव्वळ आळ आहे. जगात तिच्या सुमारे 3000 जाती आणि जेवणाच्या बाबतीत एकीचं दुसरीशी पटत नाही. लांब कशाला, आमच्या सांगली जिल्ह्यातलंच बघा.

कृष्णाकाठच्या शेतकऱ्याच्या डोक्यात बसलेली वाळवी म्हणजे उसाच्या बेण्याची. कांडीच्या कापलेल्या टोकातून आत शिरते, गर खाते आणि पोकळ जागेत माती भरते. वरून कांडी शाबूत, उगवणीच्या नावानं शंख! पण खाल्लेलं तिला एका दमात पचत नाही. ते पोटातून एकदा फिरवून ती जमिनीखाली जाळीदार गोळे रचते, त्यांवर बुरशी वाढवते आणि बुरशीनं मऊ केलेलं मग पुन्हा खाते. पावसाळ्यात वारुळापाशी जी अळंबी वर येते, ती याच बुरशीची. ऊस आपला, मशागत तिची, कालवण परत आपलं. व्यवहार तोट्याचाच, पण कालवण झकास होतं.

घरात येणारी वेगळी. भिंतीवर मातीची रेघ ओढत येते ती जमिनीतली. अंगाची ओल जाऊ नये म्हणून मातीच्या बोगद्यातूनच चालते. दुसरी लाकडातच जन्मते, तिथंच संसार करते, मातीचं तोंड बघत नाही. कपाटाखाली राजगिऱ्याएवढे दाणे पडलेले दिसले की समजायचं, बाई आत आहेत. दाणे म्हणजे तिची विष्ठा. भिंगाखाली सहा पैलू दिसतात. आमच्याकडे औषधवाला फरशीला भोकं पाडून औषध सोडून गेला आणि माडीवरची खुर्ची निवांत दाणे गाळत राहिली.

कोरड्या माळांवरच्या काही जाती तर फक्त वाळकं गवत नेतात. त्यांच्या शिपायांच्या डोक्याला सोंड असते, तिच्यातून ते मुंग्यांवर चिकट रस उडवतात. बत्तीस शिराळ्याला नागपंचमीचा सगळा मान नागाचा. वारूळ बांधणारीपुढं कुणी गवताची काडीसुद्धा ठेवत नाही.

सागवानाच्या चौकटीत मात्र तिची जीभ फार बारीक चालते. आतल्या गाभ्याला सहसा तोंड लावत नाही, कडेचं पांढरं लाकूड तेवढं साफ करते. सुतारानं सागाच्या नावाखाली पांढरं किती खपवलंय, त्याची मोजणी बिनपैशात होऊन जाते.