पारावरच्या गप्पा, वहीतला हिशोब आणि ते हिरवं ॲप

गेल्या चैत्रात आमच्या गावच्या यात्रेच्या वर्गणीवरून जे रामायण झालं ना, त्यामुळे हे लिहायला घेतलंय. गाव सातारा जिल्ह्यात, निम्मी माणसं मुंबई-पुण्यात, पुतण्या दुबईत, आणि कमिटीचा सगळा कारभार एका व्हॉट्सॲप ग्रुपवर. कुणी पैसे पाठवले की स्क्रीनशॉट टाकायचा, त्याखाली चाळीस जण हात जोडणार, मग गुड मॉर्निंग, मग कुणाच्या तरी नातवाचा बड्डे, आणि आठ दिवसांनी तात्या विचारणार, "अरं, वरच्या आळीचं किती आलं?" बसा मग बोटाने वर सरकवत.

त्यात ती यादी. म्हणजे मेसेज कॉपी करायचा, खाली आपलं नाव जोडायचं आणि परत टाकायचा. दोघांनी एकाच वेळी कॉपी केला की एकाचं नाव गायब, आणि तो माणूस भर ग्रुपवर "आमचे पैसे कमिटीने खाल्ले काय?" म्हणून सुरू. शिवाय एक एक्सेलची फाइल फिरत होती, तिची 'फायनल', 'फायनल नवी' आणि 'हीच फायनल' अशी तीन पिल्लं झालेली.

तेव्हा माझ्या डोक्यात ट्यूब पेटली की व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे गावचा पार, आणि आम्ही पारावरच हिशोब लिहीत होतो. पार गप्पांना ठीक, पण वर्गणीची वही कधी पारावर ठेवली होती का कुणी? ती तात्यांच्या कपाटात असायची आणि एकच असायची.

ती एकच वही म्हणजे आता गुगल शीट, म्हणजे इंटरनेटवर राहणारी एक्सेलसारखी वही. फुकट आहे, वही काढायला गुगलचं (जीमेलचं) खातं लागतं, मोबाईलवर लिहायला ते हिरवं शीट्सचं ॲप टाकून घ्यायचं. फाइल पाठवायची नाही, फाइलची लिंक पाठवायची, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं, कारण मग सगळे एकाच कागदाकडे बघत असतात आणि मी पुण्यातनं आकडा टाकला की तात्यांना गावात तिथल्या तिथे दिसतो. आता लिंक देताना शेअरमध्ये तीन अधिकार दिसतात: व्ह्यूअर नुसता बघणार, कमेंटर बाजूला शंका लिहिणार, एडिटर खाडाखोड करू शकणार. मी शहाण्याने 'लिंक असलेला कुणीही' आणि 'एडिटर' हे दोन्ही ठेवलं आणि लिंक ग्रुपवर सोडली.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी मोठ्या देणगीदारांची नावं वर आणायला गेलं, पण सॉर्ट करताना फक्त रकमेचाच कॉलम धरला. नावं जागच्या जागी, रकमा हलल्या. ५१ रुपये देणाऱ्याच्या नावापुढे ११,०००! फोनवर फोन. वाचलो ते व्हर्जन हिस्टरीमुळे. कॉम्प्युटरवर फाइल मेनूत ती सापडते, कधी काय बदललं आणि कुणी बदललं ते दिसतं आणि आदल्या रात्रीची वही जशीच्या तशी परत आणता येते (लिंकवरनं खातं न उघडता आलेला माणूस मात्र 'अनामिक' म्हणूनच दिसतो, त्यामुळे चोर सापडला नाही). आता एडिटर तिघंच, बाकी सगळे व्ह्यूअर. आणि नवीन माहिती घ्यायला गुगल फॉर्म. फॉर्म म्हणजे पावतीपुस्तक समजा, ज्याने त्याने आपली पावती भरायची, ती आपोआप शीटमध्ये जाऊन बसते, वहीला कुणाचा हात लागत नाही. फोन नंबरचा कॉलम सगळ्यांना दिसणाऱ्या शीटमध्ये ठेवू नका, त्याची वेगळी फाइलच करा.

अजून एक गंमत. बेरीज काही केल्या जुळेना. शेवटी कळलं की वहिनी मराठी कीबोर्डवरनं मराठी आकडे टाकत होत्या आणि शीट त्यांना आकडे न समजता शब्द समजून बेरजेतनं वगळत होती. त्यामुळे रकमा तेवढ्या इंग्रजी आकड्यात, नावं खुशाल मराठीत.

बैठकीसाठी गुगल मीट, म्हणजे गुगलचा व्हिडिओ कॉल. तिघं किंवा जास्त जण असले तर फुकटात ६० मिनिटं मिळतात आणि ५५व्या मिनिटाला सूचना येते. झूमवर ४० मिनिटं. मला तर ही मर्यादा वरदान वाटते, नाहीतर तमाशा आणायचा की ऑर्केस्ट्रा यावर पहाट झाली असती. आपण रात्री साडेनऊला बसलो की दुबईत आठ वाजलेले असतात, म्हणून पुतण्याला जमतं. बोलत नसाल तर माइक बंद ठेवा एवढंच, गेल्या बैठकीत कुकरच्या शिट्ट्या कुणाच्या घरातल्या यावर पाच मिनिटं गेली.

व्हॉट्सॲप सोडलं नाही हं. शीटची लिंक ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये ठेवलीय, कारण पिन केलेला मेसेज जास्तीत जास्त ३० दिवस टिकतो. स्लॅक, टीम्स, ट्रेलो वगैरे कामाची ॲप्स ऑफिसवाल्यांना ठीक आहेत, यात्रा कमिटीने त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत.

हे सगळं माझ्या जीमेलवर सुरू केलं ही मात्र चूक. फुकटची जागा १५ जीबी, त्यातच मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं, आणि पालखीचे व्हिडिओ चढवल्यावर ती भरली, मग मेल यायचे बंद. शिवाय उद्या मी कमिटीत नसलो तर? म्हणून आता कमिटीच्या नावाने वेगळं खातं काढलंय, पासवर्ड दोघांकडे.

तात्या अजून कागदाची वही लिहितातच. दर रविवारी ती उघडून शीटशी ताडून बघतात आणि मला फोन करतात. परवा म्हणाले, "तुझ्या त्या हिरव्यात पाचशे कमी हायत." बघितलं, खरंच कमी होते. वहिनींनी परत मराठी आकडे टाकले होते.