'फुकट' लाउंज

सकाळी टिळकवाडीत चहाच्या टेबलावर एकाने धातूचं क्रेडिट कार्ड टाकलं. खण्ण! "विमानतळावरचं लाउंज फुकट हाय की, म्हणून घेतलो."

ते 'फुकट' दिवसभर डोक्यातून जाईना.

कार्डाची वर्षाची फी 10,000 धरा. 18 टक्के जीएसटी मिळून 11,800. वर्षात चारदा लाउंजमध्ये गेलं तर एकेक उपमा-कॉफी 2,950 ला पडली! त्यात बऱ्याच कार्डांवर आधीच्या तिमाहीत ठरावीक खर्च झाला असेल तरच आत सोडतात. सांब्र्याच्या विमानतळावरून वर्षाला दोनदा उडणाऱ्याने करायचं काय?

खरा फायदा परदेशात. साध्या कार्डाला 3.5 टक्के मार्कअप (परदेशी चलनातल्या खर्चावर बँक लावते तो जादा आकार), वर जीएसटी: लाखामागे 4,130. 2 टक्के मार्कअपवाल्या महागड्या कार्डाला 2,360. वाचले 1,770. नुसत्या यातून फी काढायची तर बाहेर जवळपास पावणेसात लाख उडवायला हवेत.

कार्डाच्या खर्चावर मिळणारे पॉइंट एअरलाइनकडे वळवले तर बहुधा व्हाउचरपेक्षा जास्त मोल मिळतं. पण वळवलेले सहसा परत येत नाहीत. म्हणून आधी सीट आहे का बघायचं, मगच वळवायचे. साठवून ठेवावेत, तर बँक मध्येच पॉइंटचा दर उतरवते. पेट्रोल, घरभाडं यांवर बहुतेक पॉइंटच नाहीत.

आणि बिल पूर्ण भरलं नाही, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज. नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून.

चहाचे पैसे मात्र त्याने यूपीआयने दिले. कार्ड परत पाकिटात.

तुमचं कार्ड गेल्या वर्षी किती वेळा विमानतळावर बाहेर निघालं?