भावजींचा ट्रक आणि ऐरोलीचा नाका

१४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या वेशीवरच्या आमच्या ऐरोलीच्या नाक्यावर कारला टोल नाही. वाशी, दहिसर आणि मुलुंडचे दोन नाके, तिथेही तेच. आधी ४५ रुपये जायचे. भावजींचा ट्रक मात्र अजून भरतोच, आणि जेवायला बसले की त्यांचं हमखास सुरू होतं, "पूल कधीचा बांधून झालाय, आता कसले पैसे?"

अहो भावजी, हा टोल एकट्या ऐरोलीच्या पुलाचा नाही. मुंबईतले पन्नासेक उड्डाणपूल कर्ज काढून बांधले, त्याची वसुली या वेशींवर. ठेकेदार सरकारला ठोक रक्कम आधीच मोजतो आणि ठरलेली वर्षं टोल गोळा करतो. म्हणजे माफीचा बोजा शेवटी सरकारवर, पर्यायाने आपल्यावरच!

फास्टॅगचं मला खरं कौतुक. त्या चिकटपट्टीत बॅटरीच नसते. नाक्यावरच्या रीडरच्या लहरी पोचल्या की आतली चिप जागी होते, आपला नंबर सांगते, आणि पैसे कटल्याचा मेसेज येतो. ट्रकच्या टॅगचा रंगही कारपेक्षा वेगळा.

अटल सेतूवर मात्र कारलाही एका बाजूचे २५० रुपये. हे ऐकून भावजींनी भात परत वाढून घेतला.