तक्रार ‘निकाली’, खड्डा तिथेच

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोठा खड्डा पडला, मी अ‍ॅपवर फोटोसकट तक्रार टाकली, चार दिवसांनी मेसेज आला की तक्रार निकाली काढली आहे, आणि खाली जाऊन बघते तर खड्डा पाण्याने भरलेला तसाच. फार राग आला. मग कुठल्या शहरात हे नीट चाललं होतं का ते शोधत बसले आणि अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरापाशी पोचले.

तिथे १९९९ मध्ये मार्टिन ओ'मॅली महापौर म्हणून निवडून आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी ‘सिटीस्टॅट’ सुरू केलं. मूळ कल्पना न्यूयॉर्क पोलिसांची, १९९४ पासूनच्या कॉम्पस्टॅटची, म्हणजे गुन्हे नकाशावर मांडायचे आणि त्या भागाच्या प्रमुखाला सगळ्यांसमोर विचारायचं की बाबा हे असं का. ओ'मॅलींनी तेच कचरा, पाणी, रस्ते सगळ्याला लावलं. दर दोन आठवड्यांनी खातेप्रमुख सिटी हॉलमधल्या एका खोलीत उभा, समोर महापौरांची माणसं, आणि स्क्रीनवर त्याच्याच खात्याचे आकडे, ओव्हरटाइम किती, दांड्या किती, तक्रारी किती पडून आहेत. सॉफ्टवेअर साधंच होतं. पण मागच्या वेळी जे कबूल केलं त्याचं काय झालं हे पंधरा दिवसांनी परत विचारलं जायचंच, त्यातून सुटका नाही, आणि मला वाटतं खरी ताकद ह्याच्यातच होती. खड्डा कळवल्यावर ४८ तासांत बुजवायचा असं तिथे वचन होतं. पहिल्याच वर्षी १.३ कोटी डॉलर वाचले असं शहराने सांगितलं, त्यातला मोठा वाटा ओव्हरटाइमचा, आणि २००४ मध्ये हार्वर्डचा पुरस्कारही मिळाला.

आता ह्याची दुसरी बाजू पण आहे. न्यूयॉर्कमध्ये आकडे चांगले दिसावेत म्हणून काही ठिकाणी गुन्हा हलका करून नोंदवला जायचा. माझ्या खड्ड्याचं तेच झालं की, कागदावर बुजला! म्हणून बाल्टिमोरची एक गोष्ट मला सगळ्यात आवडली, सिटीस्टॅटची माणसं स्वतः जागेवर जाऊन फोटो काढून आणायची आणि तो फोटो मीटिंगमध्ये लावायची. समोर फोटो असला की ‘काम झालं साहेब’ म्हणता येत नाही.

आपल्याकडे स्मार्ट सिटीतून मोठमोठ्या स्क्रीनच्या कंट्रोल रूम झाल्या, चांगलंच आहे, पण मला विचाराल तर वॉर्ड ऑफिसमध्ये दर पंधरा दिवसांनी एक तास बसा, ‘निकाली’ काढलेल्या तक्रारींतल्या कुठल्याही दहा उचला, जागेवर जाऊन फोटो काढा आणि ते सगळ्यांसमोर दाखवा. लोकांनाही येऊ द्या, न्यू ऑर्लिन्सने २०१० मध्ये पडक्या घरांच्या आढावा बैठका लोकांसाठी खुल्या ठेवल्या होत्याच ना.

मी तक्रार परत टाकली आहे, ह्यावेळी शेजारच्या काकांनी आणि खालच्या किराणावाल्यानेही टाकली, आणि तिघांचेही तारीखवार फोटो मी जपून ठेवतेय.