४१ रेघा

जानेवारीतला रविवार होता आणि माझा घसा पार बसला होता. चार दिवस तोंड उघडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शिकवणाऱ्याचं निम्मं काम तोंडावर चालतं. त्यामुळे नागपुरातल्या मनीषनगरच्या आमच्या पिकलबॉल कोर्टवर त्या सकाळी मी नेटच्या खांबाशी खुर्ची टाकून नुसता बसलो. जवळ वही होती. प्रत्येक रॅली, म्हणजे सर्व्हपासून चुकेपर्यंतची फटक्यांची देवाणघेवाण, कशी संपते, त्याची एकेक रेघ मारायला लागलो.

जोड्या त्यांच्या त्यांनीच लावल्या. एका बाजूला मिहान या उद्योगक्षेत्रात नोकरी करणारी दोन पोरं, दोघंही लहानपणी माझ्याकडेच बॅडमिंटन शिकलेली. दुसऱ्या बाजूला शाळेतून निवृत्त झालेल्या काकू आणि पोस्टातून निवृत्त झालेले काका. काकूंचा उजवा खांदा आखडलेला आहे, हात डोक्याच्या वर जातच नाही. मला बोलता आलं असतं, तर ही लढत मी होऊच दिली नसती.

‘शून्य-शून्य-दोन’ असा दोन्हीकडच्या गुणांचा आणि सर्व्हरच्या क्रमांकाचा पुकारा करून पोरांनी सर्व्ह केली आणि तिसराच फटका काय सणसणीत मारला! काकू किचनच्या रेषेवर उभ्या होत्या. किचन म्हणजे नेटपासून दोन्हीकडचा सात-सात फुटांचा पट्टा. त्यात उभं राहून बॉल अधांतरी मारता येत नाही. त्यांनी पॅडल छातीशी धरलं होतं. बॉल खांद्याच्या उंचीला आला तशी मान बाजूला घेतली आणि त्या म्हणाल्या, “सोडा हो, बाहेर.” बॉल हातभर बाहेर पडला. पहिली रेघ ‘बाहेर’च्या रकान्यात गेली.

मग त्याच रकान्यात रेघा वाढत गेल्या. रोज डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट मला त्या दिवशी दिसली, कारण एरवी मी “मार, मार!” ओरडण्यात गुंतलेला असतो. पिकलबॉलमध्ये सर्व्ह आणि तिचा परतीचा फटका, दोन्ही टप्पा पडल्यावरच मारायचे असतात. म्हणून सर्व्ह करणारी जोडी मागे अडकते आणि समोरची जोडी आरामात रेषेवर येऊन उभी राहते. मागे अडकलेल्याला बॉल बहुतेक वेळा नेटच्या उंचीखाली मिळतो. नेट कडेला ३६ इंच, मध्ये ३४. खालचा बॉल नेटवरून काढायचा तर वरच उचलावा लागतो आणि वर उचललेल्या बॉलला जोर लावला की तो मागच्या रेषेपलीकडे जातो. कोर्ट ४४ बाय २० फूट, बॅडमिंटनच्या दुहेरीच्या कोर्टाएवढंच. हीच मापं पोरांना फसवत होती. शटल कितीही जोरात मारलं तरी पिसांमुळे हवेतच दम सोडतं. हा भोकांचा प्लास्टिकचा बॉल तसा थांबत नाही. त्या खांद्यांना पूर्ण ताकदीने मारायची सवय मीच लावली होती आणि ती तशीच या कोर्टवर आली होती.

काका-काकूंची सर्व्ह असली की तिसरा फटका ड्रॉप. काका पॅडल सैल धरत, जवळजवळ दोनच बोटांत, आणि बॉल अशा बेताने उचलत की नेट ओलांडून तो किचनमध्येच पडे. पोरांना तो वरून ठोकता येईना. तेवढ्या वेळात दोघंही पुढे येऊन रेषा धरत. मग काकूंचे डिंक, म्हणजे नेटपलीकडे किचनमध्ये अलगद सोडलेले फटके सुरू. बहुतेक तिरपे, म्हणजे नेट जिथे सर्वांत बुटकं तिथून, आणि उंच पोराच्या बॅकहँडच्या पायाशी. दोन, तीन, पाच. सहाव्याला पोराचा धीर सुटे.

“काकू, तुम्ही त मारूनच नाही राहिल्या!”

“तू मारून राहिला ना बाबा, मग मी काऊन मारू?”

मध्येच बॉलचा आवाज बदलला. ‘टक’ऐवजी ‘फट’. काकूंनी तो उचलून माझ्या हातात आणून दिला. थंडीत हे प्लास्टिक कडक होतं. एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत केसाएवढी चीर गेली होती आणि बोटाने दाबलं की तिचे ओठ उघडत होते. त्या सकाळी फुटलेला तो दुसरा बॉल.

गेम ११-५ असा काका-काकूंचा झाला. गुण सर्व्ह करणाऱ्या जोडीलाच मिळतो, म्हणून रेघा गुणांपेक्षा जास्त: वहीत ४१ होत्या. पोरांनी २४ रॅली गमावल्या होत्या: १५ बाहेर, ५ नेटमध्ये, २ वेळा जोराच्या झोकात पाय किचनमध्ये गेला. काका-काकूंनी स्वतःच्या फटक्यावर मिळवलेल्या फक्त २. पोरांच्या स्मॅशला यशही आलं होतं, जिंकलेल्या १७ पैकी ९ रॅली त्यांनी ठोकूनच काढल्या. पण त्या नवांपैकी प्रत्येक वेळी बॉल नेटच्या चांगला वर आलेला होता. तिथे मारायलाच हवं.

मी वही उंच पोरापुढे धरली. ‘बाहेर’चा रकाना त्याने बोट ठेवून दोनदा मोजला. “सर, हे आधी काऊन नाही सांगितलं?” उत्तर द्यायला आवाज नव्हता, आणि असता तरी काय बोललो असतो? मी खडूने अर्धं कोर्ट आखलं आणि किचनवर बोट ठेवलं. बॉल इथेच पडला पाहिजे, बाहेर पडला की गुण समोरच्याचा. काकूंना खुणेनेच विचारलं, थांबता का? काका पोहे आणायला गेले होते. त्या थांबल्या.

पहिले आठ-दहा ड्रॉप नेटमध्ये गेले, तीन फार लांब. ऊन कोर्टवर आलं. पोराने स्वेटर काढून खांबाला अडकवला आणि पॅडलवरची मूठ सैल केली. पुढचा बॉल सावकाश वर गेला, नेट ओलांडून किचनकडे उतरू लागला. काकू एक पाऊल पुढे आल्या आणि टप्पा पडताच त्यांनी तो त्याच्या दोन पायांमध्ये मारला.

“वीतभर उंच आला,” त्या म्हणाल्या. “आण पुन्हा.”