चिंचोके चालले, फॉर्म अडला (माझा अनुभव)

बचत गटाचा हिशोब मोबाइलवर ठेवायचं अ‍ॅप होतं, त्यासाठी जुन्नरकडच्या गावांत बायकांशी बोलायचं होतं. पहिल्या दोन मुलाखती नुसत्या प्रश्न विचारून केल्या आणि पार वाया गेल्या, काहीही विचारा, "चांगलंय की!" म्हणून विषय बंद. मग ठरवलं की हातात काहीतरी द्यायचं. चित्रांची बारा कार्डं आणि वीस चिंचोके, ज्या कामाचा ताप जास्त त्यावर चिंचोके जास्त. आयडिया माझी नाही हां, गावात पीआरए (म्हणजे गावकऱ्यांनाच सोबत घेऊन गावाची पाहणी) करणारे लोक बिया-खडे कधीपासून वापरतायत.

आता खरी रड. कार्डांचे फोटो काढणार म्हटल्यावर आमच्या लीगलवाल्यांनी नवीन संमतीपत्र काढलं. सतरा दिवस! मेल केला की "रिव्ह्यूमध्ये आहे". शेवटी आलं ते चार पानी, त्यात "अपरिवर्तनीय", "प्रक्रियाकर्ता" असलं मराठी. पहिल्याच घरी ताईंनी दोन ओळी वाचल्या, पेन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "कर्जाचं आहे का हे?" पुढची वीस मिनिटं नाही नाही म्हणण्यात गेली. आणि ज्या 2023 च्या डेटा कायद्याचं नाव सांगून हे केलं, त्यातच लिहिलंय की संमती साध्या स्पष्ट भाषेत मागा! परत मेल नाही केला, सरळ वकीलबाईंना फोन लावला आणि फॉर्म मोठ्याने वाचायला घेतला. दुसऱ्या पानावर त्याच म्हणाल्या, थांबा. दुसऱ्या दिवशी एक पान हातात. तुमचंही अडलं तर मेल मेल खेळू नका, वाचून दाखवा.

मग चिंचोके. आम्हाला वाटलेलं की रजिस्टर लिहिणं हाच ताप. एका ताईंनी त्यावर दोन ठेवले, थोडा विचार केला, त्यातला एक उचलला आणि "हप्ता मागायला जाणं" वर सरकवला. तिथे आधीच नऊ होते. "लिहायला काय, पोरगी लिहिते. जावेच्या दारात पैसे मागायला मीच जाते ना." हे प्रश्न विचारून वर्षभरात निघालं नसतं.

हात चालू असताना गप्प बसा, मी एकदा मधेच बोललो आणि त्यांनी घाईघाईत सगळे सारखे वाटून टाकले. फोटो फक्त हातांचा आणि कार्डांचा, चेहरा नको. दोन कोरी कार्डं न्याच, त्यावरच आम्हाला "मीटिंगला न येणाऱ्या" हा आमच्या कार्डांत नसलेला ताप सापडला. पंखा बंद करायला सांगा, कार्डं उडतात. आणि चिंचोके जास्तीचे जवळ ठेवा, एका घरी पोरांनी सहा पळवले आणि आमचं गणित चौदावर आलं.